दुपारची बंद मोटर

आई,

एका माणसानं मला तुझ्याबद्दल प्रश्न विचारलाय. तो कोण, कुठला, मला माहीत नाही, आणि तू होतीस हे त्याला माहीत नाही. आम्ही संशोधनाचा लेख पाठवला की छापण्याआधी असा कुणीतरी तो तपासतो, आणि त्याचं नाव आम्हाला कळू देत नाहीत. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, हा कसला तपासणारा, तोंड लपवून बसलेला. तर या तोंड लपवलेल्या माणसाला लेख आवडलाय. गणित बरोबर आहे म्हणतो, मॉडेल पटण्यासारखं आहे म्हणतो. फक्त शेवटी त्यानं विचारलंय, की आकृतीत सकाळपासून दिसणारा स्थानिक गोंगाट भर दुपारी एकदम का थांबतो, आणि त्या दिवशी तो पुन्हा सुरू का होत नाही. याचं उत्तर दोन ओळींत द्यायचं होतं. गेला आठवडाभर मी रोज विद्यापीठातल्या आमच्या विभागात जायची, संगणक उघडायची, त्या प्रश्नाकडे बघायची आणि चहा प्यायला उठून जायची. कॅन्टीनवाल्याला वाटत असेल, मॅडमना चहाचं व्यसन लागलं.

माझं काम काय, हे तुला मी एकदाच नीट सांगितलं होतं, पिशोरच्या स्वयंपाकघरात. तू भाकरी थापत होतीस आणि मी उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होते. तूच विचारलंस, की तू एवढी शिकून राह्यलीस ते नेमकं काय. मी सांगितलं, सूर्याच्या भोवती तापलेल्या वायूचं एक मोठं वलय असतं, त्याला प्रभामंडळ म्हणतात. तो वायू साधा नाही, इतका तापलेला असतो की त्याचे कणसुद्धा फुटलेले असतात, म्हणून त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि गंमत म्हणजे सूर्याच्या अंगापेक्षा हे वलयच कितीतरी पटीनं गरम असतं. तुझा हात थांबला. चुलीपेक्षा चुलीच्या वरची हवा गरम, असं कुठं असतं का, असं तू म्हणालीस. मी म्हणाले, तेच तर कुणाला अजून पुरतं कळलेलं नाही. त्यावर तू भाकरी तव्यावर टाकत म्हणालीस, "कळलं नाय याचाच पगार देत्यात व्हय तुला?" मी इतकी हसले की लसणाची पाटी लवंडली.

मग मी तुला त्या रेडिओ-स्फोटांचं सांगितलं. सूर्य अधूनमधून भडकतो आणि इलेक्ट्रॉनांची एक धार बाहेर फेकतो. ती धार प्लाझ्मातून धावते तेव्हा प्लाझ्मा थरथरतो आणि त्या थरथरण्यातून रेडिओच्या लहरी निघतात. आत, सूर्याजवळ, प्लाझ्मा दाट असतो म्हणून तिथला सूर वरचा. बाहेर तो विरळ होत जातो म्हणून सूर उतरत जातो. काही सेकंदांत वरून खाली घसरलेला एक आवाज, एवढंच आपल्यापर्यंत पोचतं. मी तोंडानं तो आवाज काढून दाखवला. तू बोटांनी तव्यावर पाणी शिंपडलंस, चर्र झालं, आणि विचारलंस, असा? मी म्हणाले, जवळजवळ. तेव्हापासून तू त्याला सूर्याचं बोलणं म्हणायला लागलीस. माझं काम असं, की संगणकात एक प्रभामंडळ उभं करायचं, कुठं किती दाट, कुठं किती तापलेलं हे मांडायचं, त्यातून इलेक्ट्रॉन सोडायचे, आणि बघायचं, आकाशातून आला तसाच आवाज यातून येतो का. कधीच येत नव्हता. माझा सूर्य एक बोलायचा आणि खरा सूर्य दुसरंच काहीतरी.

खरा सूर्य ऐकायला शांत जागा लागते, आणि आमच्या शहरात ती उरलेली नाही. तू शेवटपर्यंत औरंगाबादच म्हणायचीस, आम्ही आता संभाजीनगर म्हणतो, गोंगाट तोच आहे. आधी विभागाच्या गच्चीवर अँटेनाच्या तारा लावून पाहिल्या, मग चितेगावला एका ओळखीच्यांच्या आवारात. गच्चीवर लिफ्ट ऐकू यायची आणि चितेगावला कारखान्यांतलं वेल्डिंग. शेवटी आमच्या सरांनी विचारलं, तुझ्या गावाकडे शेत आहे ना? मी तुला फोन केला. तू एवढंच विचारलंस, जागा किती लागती. मी पोचेपर्यंत तू विहिरीजवळचा कोपरा मोकळा करून ठेवला होतास, तिथल्या अद्रकीच्या दोन बेडवरची ठिबकची नळी गुंडाळून. बाबा गेल्यापासून ते शेत तुझं तूच कसत होतीस, आणि विहिरीजवळची माती सगळ्यांत चांगली होती. बांबू रोवून आम्ही तारा ताणल्या, विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत संगणक ठेवला. शेजारच्यांना वाटलं, रानडुकरांसाठी कुंपण चाललंय. दोघं-तिघं तर विचारायलाही आले, कुठून आणलं, केवढ्याला पडलं. तू त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस की हे पोरीच्या कॉलेजचं आहे, यानं डुकरं जात नाहीत.

आणि मग तो माझा गाजलेला शोध. पहिल्याच महिन्यात आमच्या रेकॉर्डमध्ये, म्हणजे संगणक त्या आवाजांचं जे चित्र काढतो त्यात, सुंदर रेषा यायला लागल्या. ऊन पडलं की सुरू व्हायच्या, ऊन चढलं की ठळक व्हायच्या, ढग आला की फिक्या पडायच्या आणि संध्याकाळी सूर्याबरोबर विझायच्या. सूर्याचं काहीतरी आहे यात शंका घ्यायला जागाच नव्हती. सरांना थोडी शंका होती, पण माझा उत्साह बघून तेही गप्प बसले. मी विभागात सगळ्यांसमोर त्यावर भाषण दिलं. त्या रेषा मॉडेलमध्ये बसाव्यात म्हणून मी बिचाऱ्या प्रभामंडळाला काय काय करायला लावलं ते आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं. मग एक दिवस मी विभागाच्या जिन्यात उभी आहे, फोनवर तू आहेस, आणि तू सहज सांगतेस की काल दिवसभर सोलरची मोटर बंद होती, आत काहीतरी जळलं, अद्रकीला पाणी नाही. मी हं हं करत ऐकते आहे. आणि माझ्या डोळ्यांपुढे कालचं रेकॉर्ड येतं. कडक ऊन, आणि एकही रेषा नाही.

सोलरच्या प्लेटांवर ऊन पडतं, मोटारीच्या डब्यातलं यंत्र त्या उन्हाची वीज करून मोटर फिरवतं, आणि ते करताना रेडिओत खरखर सोडतं. जेवढं ऊन, तेवढी खरखर. मी महिनेच्या महिने तुझ्या विहिरीवरच्या मोटारीचं प्लाझ्माशास्त्र मांडत होते. मी फोनवर हे कबूल केलं तेव्हा तू इतकी हसलीस की तुला खोकला आला. "म्हंजे माझी मोटरच सूर्य झाली व्हय," असं तू त्यानंतर कितीतरी जणांना सांगितलंस. काकूनं तर मला लग्नाकार्यात त्यावरून हैराण केलं.

मी मात्र हसले नाही. पुढच्या रविवारी पिशोरला आले ती तणतणतच. वर्ष वाया गेलं, या मोटारीनं सगळा घोळ केला, असं काहीतरी ओट्यावर बसून बोलत राहिले. तू धान्य निवडत होतीस. सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "ही मोटर मिळावी म्हणून मी तालुक्याला किती चकरा मारल्या ते तुला ठाव नाय. पाणी आलं त्या दिवशी मी तुला फोन केला, तू बरं म्हणलीस अन् ठेवलास. आता तिला नावं नको ठेवू." तू आवाज चढवला नव्हतास. मला आठवतंय, मी उठून विहिरीकडे गेले आणि ठिबकच्या प्रत्येक थेंबाखाली ओली झालेली माती पहिल्यांदा नीट बघितली.

संध्याकाळी तूच विचारलंस, तुझा सूर्य कवा बोलतो. मी म्हणाले, तो कधीही बोलतो, पण डोक्यावर असतो तेव्हा आपल्या तारांना नीट ऐकू येतं. म्हणजे बारा ते दोन, तू म्हणालीस. काका तिथंच बसले होते. ते म्हणाले, वहिनी, मोटर सगळ्यात जोरात ओढते तीच वेळ आहे ही, नेमकी तीच बंद ठेवून कसं भागायचं. तू म्हणालीस, सकाळी लवकर चालू करीन अन् दोननंतर पुन्हा चालू करीन. आपोआप बंद-चालू होईल अशी काहीतरी सोय करावी म्हणून मी कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो फटफटीवरून आला, डब्याला हात न लावता चहा प्यायला आणि म्हणाला, "डब्बा खोले तो गॅरंटी गई, अम्मा." झालं. तेव्हापासून रोज बाराच्या सुमाराला तू हातातलं काम टाकून विहिरीवर जायचीस आणि खटका खाली ओढायचीस. दोन बेड आधीच गेले होते, आता दुपारचं पाणीही तू मला दिलंस. त्या हंगामात आपली अद्रक शेजाऱ्यांपेक्षा बारीक निघाली. तू ती बाजारात नेताना काही बोलली नाहीस आणि मी विचारलंही नाही.

पण रेकॉर्ड काय यायचं, आई. सकाळभर तुझ्या मोटारीच्या रेषा, मग एकदम काळं, स्वच्छ, शांत आकाश, आणि दोननंतर पुन्हा रेषा. मी इथं शहरात बसून ते नेटवरून बघायची आणि मला कळायचं, आई आत्ता विहिरीवर गेली. कधी रेषा जरा उशिरा थांबायच्या, तेव्हा वाटायचं, पाहुणे आले असतील किंवा कुणी बांधावर बोलत उभं असेल. कधी दोननंतर बराच वेळ रेषा यायच्या नाहीत, तेव्हा मला कळायचं की तुला डुलकी लागली. फोन मी तुला आठवड्यातून दोनदाच करायची, पण तुझा दिवस मला रोज दिसायचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं होतं.

त्या दिवसाचं काकूनं मला पुन्हा पुन्हा सांगितलंय, म्हणून मला तो मी तिथं असल्यासारखा दिसतो. उन्हाळा आहे. सकाळीच तू काकूला म्हणतेस की छातीत जळजळतंय आणि डाव्या बाजूचा जबडा ठणकतोय. काकू घाबरते. काका गाडी काढतात, दवाखान्यात चल म्हणतात. तू म्हणतेस, जाऊ की, दुपारची मोटर बंद करून जाऊ. काका म्हणतात, मोटर मी बंद करतो, तू चल. तू म्हणतेस, "तुम्ही इसरताल, भाऊजी. तिचा दिवस जाईल." काका एकदा खरंच विसरले होते, आणि तेव्हापासून तू तो खटका कुणाच्या भरवशावर सोडत नव्हतीस. काकू सांगते, तू तोंडावर पाणी मारलंस, बरं वाटतंय म्हणालीस, आणि पदर डोक्यावर घेऊन उन्हातून विहिरीकडे निघालीस. खटका ओढलास. प्लेटांच्या सावलीत टेकलीस. काका गाडी घेऊन बांधापर्यंत आले तेव्हा तू तशीच टेकलेली होतीस. पिशोरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि काकांना म्हणाले, सकाळी आणायला पाहिजे होतं.

मला हे सगळं तेराव्याच्या आधीच कळलं. काकूनं काही लपवलं नाही, तिला लपवता येत नाही. लोक म्हणाले, चालती-बोलती गेली, पुण्यवान बाई. मी मान हलवत राहिले. मला एकच गोष्ट कळायला हवी होती, आणि ती विचारायला माझ्याकडे कुणी नव्हतं. तू जिच्यासाठी थांबलीस ती गोष्ट थांबण्यासारखी होती का? बाकी सगळे प्रश्न याच एका प्रश्नाची पोरंबाळं होती.

त्या दिवसाचं रेकॉर्ड मी विभागात परत आल्यावर एकदा उघडलं. सकाळच्या रेषा आहेत. बाराच्या आसपास त्या थांबतात. त्यानंतरच्या शांततेत सूर्याचा एक स्फोट आहे, इतका स्पष्ट की मी आजवर आपल्या तारांवर तसा दुसरा पाहिलेला नाही. वरून सुरू होतो आणि न अडखळता खाली घसरत जातो. तो आला तेव्हा तू त्या तारांपासून हाकेच्या अंतरावर होतीस. तेव्हा तुझा श्वास चालू होता की थांबला होता, ते कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही. आणि दोननंतर रेषा येत नाहीत. तीनला नाहीत, चारला नाहीत. ऊन तर तसंच आहे. संगणकाला काही कळलेलं नाही, तो आपला अंधार पडेपर्यंत ते रिकामं आकाश टिपत बसलाय. मी ती फाईल बंद केली आणि कितीतरी वर्षं उघडली नाही.

मधल्या काळात बरंच झालं. तारा काढल्या. विहिरीजवळच्या कोपऱ्यात काका पुन्हा अद्रक घेतात आणि चांगली येते. मी दुसऱ्या ठिकाणांची रेकॉर्ड घेऊन मॉडेल सुधारत राहिले. प्लाझ्मा आपल्याला वाटतो तसा गुळगुळीत नसतो, त्यात दाट-विरळ गुठळ्या असतात आणि लहरी त्यांना अडखळत, वाट वाकडी करत येतात, हे त्यात नीट घालायलाच माझी इतकी वर्षं गेली. ते घातल्यावर सूर थोडेफार जुळायला लागले. मग मागच्या वर्षी सर निवृत्त होताना म्हणाले, तुझ्या गावाकडचा तो एक स्फोट आहे, त्यावर चालवून बघ. लगेच म्हणाले, नको वाटत असेल तर राहू दे. ते तुझ्या मातीला आले होते, त्यांना सगळं माहीत आहे. मी महिनाभर राहू दिलं आणि मग चालवलं. जुळलं, आई. माझ्या सूर्यानं आणि खऱ्या सूर्यानं पहिल्यांदाच एकच सूर काढला, अगदी खालपर्यंत. विभागातल्या पोरांनी पेढे आणले. मी एक खाल्ला, बाथरूममध्ये गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. पोरींना वाटलं, आनंदानं.

काल शेवटी त्या माणसाला उत्तर लिहिलं. निरीक्षणाच्या काळात शेतातला पंप दुपारी हातानं बंद ठेवला जात असे, त्या दिवशी तो बंद केल्यानंतर पुन्हा सुरू झाला नाही, असं. सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, आभारात आईचं नाव घाल. घातलंय. परक्या देशातल्या कुणा संशोधकाला ते नीट उच्चारतासुद्धा येणार नाही, पण छापून येईल. काकूला सांगितलं तर तिला भरून आलं. ती आधीपासूनच गावात सांगत असते, की आमच्या जाऊबाईनं जीव गेला तरी मोटर बंद केली, म्हणून पोरीला सूर्याचं बोलणं सापडलं. नाहीतर ते कुणालाच ऐकू आलं नसतं. मी तिला कधी अडवलं नाही.

पण तुला सांगते. तो स्फोट फक्त आपल्या तारांनी ऐकला नव्हता. ज्यांच्याकडे तेव्हा दिवस होता अशा दुसऱ्या दोन देशांतल्या मोठ्या केंद्रांनीही तो टिपलाय, पूर्ण. मागितला असता तर त्यांनी पाठवून दिला असता, पैसेही लागत नाहीत. अशी केंद्रं आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. तू कधी विचारलं नाहीस आणि मला सांगायचं सुचलं नाही, एवढंच. तेरावं करून परत आले त्याच आठवड्यात मी त्यांच्या याद्या बघितल्या आणि तो दिवस तिथं सापडला. आपल्या रेकॉर्डमध्ये खालचा भाग थोडा जास्त स्वच्छ आहे, त्यामुळे लेख थोडा चांगला झाला. थोडा. तू त्या दिवशी काकांच्या गाडीत बसून सरळ दवाखान्यात गेली असतीस, मोटर दिवसभर खरखरत राहिली असती, तरी माझं काही अडलं नसतं.

तू गेल्यापासून रोज वाटत आलं, की आईला हे सांगायला हवं होतं, ते दाखवायला हवं होतं. आज हे सगळं लिहून झालं, आणि तू ते वाचू शकत नाहीस याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.